दोन घरांचा थायरॉईड

नववीच्या विज्ञानात ग्रंथींचा पाठ आहे. फळ्यावर माणसाची आकृती काढायची, गळ्यापाशी फुलपाखरासारखा आकार काढायचा आणि बाणाच्या टोकाला लिहायचं, अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड. मी हे इतकी वर्षं करत आले आहे की डोळे मिटूनही काढीन. परीक्षेत हमखास येतं म्हणून मुलांकडून घोकूनही घेते. पण तीच ग्रंथी माझ्या गळ्यात रुसून बसली, तेव्हा त्या पाठातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती ताकदीची, हे मला विचारू नका. पण एखादी बाई बाळाची वाट बघत, हातात रिपोर्ट धरून बसली असेल आणि मागच्या रिपोर्टचा पुढच्याशी मेळ लागत नसेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे. यात शेवटी बाळ नाही, हे आधीच सांगते. उगाच त्या आशेनं वाचू नका.

वाढला म्हणजे कमी

माझं सासर पिंपळगाव रेणुकाई, माहेर आष्टी. जिल्हा एकच, जालना, पण एक या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. सासरी माणसं तीनच. मी, माझे यजमान गणेश आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. गणेशचं गावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, शेत आत्याबाई बघतात, आणि मी गावातल्या हायस्कूलात शिकवते. शिवाय एक म्हैस आहे. तिला सोडून ही गोष्ट सांगता येणार नाही.

लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी काही नव्हतं. केस गळत होते, पाळी मनाला येईल तेव्हा यायची, आणि दुपारच्या तासाला खुर्चीवर बसले की उठावंसं वाटायचं नाही. शेवटी भोकरदनच्या डॉक्टर बाईंनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट गणेशच्या फोनवर आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यांनी तो तसाच मला पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ’. मी स्टाफरूममध्ये बसून बघितलं. तीन आकडे होते. त्यातला टीएसएच नावाचा एक ठळक छापलेला आणि शेजारी इंग्रजी एच. एच म्हणजे हाय, एवढं मला कळलं. हाय आहे म्हणजे थायरॉईड वाढला असेल, असं मी धरून चालले. भोकरदनच्या बाई म्हणाल्या, नाही, कमी पडतोय.

घरी हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

“वाढलाय ना?” आत्याबाई म्हणाल्या. “मंग ती बाई गोळी कामून देऊन राह्यली? वाढलेलं कमी कराय पाह्यजे का न्हाई?”

मी म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही निंदणीला बाया लावता. काम नीट चाललं तर तुम्ही गप असता. काम होत नसलं की ओरडता. हा टीएसएच म्हणजे ते ओरडणं. आकडा मोठा म्हणजे ओरडणं मोठं. म्हणजे काम कमी होऊन राह्यलं.”

“म्हंजी मी ओरडती म्हन,” त्या म्हणाल्या. गणेश पोट धरून हसले. त्यानंतर आमच्या घरात या आजारावर कुणी हसलं नाही.

भोकरदनच्या बाईंनी अजून एक गोष्ट सांगितली होती, ती मी हसण्याच्या भरात सांगितली नव्हती. आकडा अडीचच्या खाली येईपर्यंत बाळाचा विचार करायचा नाही. आजार गळ्याचा आहे हे कळलं तेव्हा मी घाबरले नव्हते. थांबा म्हटल्यावर घाबरले. तीन वर्षं ज्याची वाट बघतोय त्याच्या दाराला कडी लावल्यासारखं झालं. रात्रीचा स्वयंपाक करताना रडले, आणि कांदा चिरत होते म्हणून कुणाला कळलं नाही.

आत्याबाईंचा ग्लास

गोळी सकाळी, काही खायच्या आधी. सांगायला सोपं. पण सकाळी शाळेची घाई, डबा करायचा, पाणी भरायचं, आणि गोळी घ्यायला मी विसरायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर आत्याबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. एका तळहातावर गोळ्या आणि दुसऱ्या हातात ग्लास घेऊन त्या न्हाणीच्या दाराशी उभ्या राहायच्या. थायरॉईडची गोळी, रक्त कमी म्हणून दिलेली लोहाची गोळी आणि कॅल्शियमची. तिन्ही एकदम. “गिळून टाक एका घोटात, दिसभराची कटकट मिटली.”

ग्लासात दूध असायचं. सकाळची धार काढली की डेअरीचं कॅन भरायच्या आधी त्या माझा ग्लास बाजूला काढायच्या. त्यात खारकेची पूड, शतावरी, थोडं तूप. मी एकदा म्हटलं, पाण्यानं घेते की. तर म्हणाल्या, “गोळी गरम पडती माय. रिकाम्या पोटात पाण्यावर घेतली तर कोठ्याला तापती. लेकराची जागा ती. दुधावरच घ्याय पाह्यजे.”

आमच्याकडे हे कुणीही सांगेल. तापाची गोळी असो की दुखण्याची, ती गरम असते आणि दूध तिला थंड करतं. माझी आई हेच म्हणाली असती. मी पदवीला रसायनशास्त्र घेतलेलं, मुलांना ग्रंथी शिकवणारी, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दूध काही खाणं नव्हे, असंच माझ्या डोक्यात होतं.

एकदा ग्लास परत घेताना त्या आपसूक बोलल्या. “गणेशच्या आधी मह्ये दोन गेले. पोटातच. तवा घरात म्हैस होती, पन दूध डेअरीला. मी कोऱ्या च्यावर खुरपाय गेल्ते रोज. कुनी म्हनलं न्हाई, घे बाई घोटभर.” एवढं म्हणून त्या भांडी घासायला बसल्या. त्या दिवसापासून मी ग्लासाच्या तळाशी एक थेंब ठेवला नाही.

दुसऱ्या तपासणीत आकडा उतरायच्या ऐवजी चढला होता. भोकरदनच्या बाईंनी विचारलं, गोळी रोज घेता ना? मी म्हटलं, एक दिवस चुकत नाही. ते खरंच होतं. त्यांनी गोळीची ताकद वाढवली.

आष्टीतला आकडा

उन्हाळ्याच्या सुटीत आष्टीला गेले. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सासरी कपाटातच राहिल्या. माझी आई उजाडायच्या आत रानात जाते, ती आल्याशिवाय चूल पेटत नाही. मी उठले की माठातलं पाणी घ्यायचे, गोळी गिळायचे आणि परत आडवी व्हायचे. माहेर ते माहेर.

सुटी संपत आली तसं छातीत धडधडायला लागलं. हात थरथरायचे, घाम यायचा. उन्हाचं असेल म्हटलं. जवळच्या परतूरला जाऊन रक्त दिलं, तर या खेपेला एचच्या जागी एल. आकडा पार तळाला गेलेला. परतूरच्या डॉक्टरांनी नवा कागद बघितला, गोळीची ताकद बघितली आणि म्हणाले, ही तुम्हाला फार होतेय. त्यांनी ती निम्मी केली. त्यांचंही काही चुकलं नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून कुणीही हेच केलं असतं.

माझ्या आईनं मात्र त्या कागदाचा वेगळाच अर्थ काढला. “तिथं आकडा चढतो अन् इथं आली की उतरतो. तिथं तुला काय तरास हाये का? खरं सांग. सासू बोलती का?”

“न्हाई गं आई.”

“मंग कागद काय म्हनून राह्यलाय?”

कागद तेच म्हणत होता. जूनमध्ये परत आले तेव्हा आत्याबाईंच्या हातातला ग्लास घेताना मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ही बाई मला खरंच ताण देते का, असं मनात आलं. त्या म्हणाल्या, “सुकलीस की गं माहेरी.”

निम्मी गोळी आणि पूर्ण ग्लास, असं पोळ्यापर्यंत चाललं. परतूरचा आकडा अडीचच्या खाली होता, म्हणून आम्ही थांबलो नव्हतो. मग पाळी चुकली. घरच्या घरी तपासलं. दोन रेघा उमटल्या, एक इतकी फिकट की गणेशनी दारात नेऊन उन्हात धरून बघितली. आम्ही दोघं हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण आत्याबाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्लासात केशराची काडी दिसायला लागली.

भोकरदनच्या बाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आकडा आधी कधी नव्हता एवढा वर गेला होता. त्यांनी गोळी तातडीनं वाढवली. ती गोळीसुद्धा मी दुधावरच घेतली.

खिडकीपाशी

शाळेत मधल्या सुटीत मला कळलं, रक्त जातंय. मुलं खिचडीच्या रांगेत होती. मी भिंत धरून स्टाफरूमपर्यंत आले आणि मुख्याध्यापिकांना म्हटलं, गणेशला फोन लावा. त्यांनी फोन लावला. स्वतःची ओढणी सोडून माझ्या कमरेभोवती बांधली आणि मला मुलांच्या समोरून न नेता मागच्या दारानं नेलं. त्या ओढणीचे उपकार मी विसरणार नाही.

जालन्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत पडदा माझ्याकडे फिरवलेला होता. तपासणाऱ्या बाईंनी तो हळूच स्वतःकडे वळवला. तेव्हाच मला समजलं. त्या म्हणाल्या, ठोका दिसत नाही.

ज्या वॉर्डात ठेवलं तिथं बाळंतिणीही होत्या. एक बाळ रडलं की दुसरं उठायचं, मग तिसरं. मी उशी कानावर धरून पडले होते. मावशी फरशी पुसत आल्या, माझ्याकडे बघितलं, सिस्टरशी काहीतरी बोलल्या आणि दोघींनी मिळून माझी कॉट ढकलत पार टोकाला, खिडकीपाशी नेली. खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसायची. तेवढ्यानं किती बरं वाटावं! मी त्या टाकीकडे बघत राहिले. जे गेलं त्याला नाव नव्हतं, त्याचं काही करायचंही नसतं म्हणतात. पण ते माझं होतं, आणि मला फार रडू येत होतं.

सकाळी आई परतूरहून रेल्वेनं आली. आत्याबाई आधीपासून होत्या, जवळ दुधाचा थर्मास. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि वळून आत्याबाईंना म्हणाली, “मह्या घरी होती तवा लेक बराबर होती. तुमच्याकडं आली की आकडा चढतो. तुमी काय केलं तिला, ते तुमचं तुमाला म्हाईत.”

आत्याबाईंनी थर्मासचं झाकण लावलं, परत उघडलं. “मी काय करीन तिला?” एवढंच म्हणाल्या. मग ग्लासात दूध ओतून तो गणेशच्या हातात दिला. “पी म्हनाव तिला. गोळी राह्यली सकाळची.”

मी प्यायले.

करून दाखवा

त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आईचा फोन आला की आत्याबाई उठून गोठ्यात जायच्या. गणेश चिडायचे. “तुला काय वाटतं ते तू सांग. आमी छळतो का तुला?” मी नाही म्हणायचे, पण माझा आवाज मलाच पटायचा नाही. रिपोर्ट मी कपड्यांच्या घडीखाली ठेवले होते. काढून ओळीनं लावायचे. सासर, वर. माहेर, खाली. सासर, वर. विज्ञानाच्या बाईला याहून सरळ निष्कर्ष कुठला दिसणार? मला असंच वाटायला लागलं की माझ्या गळ्यालाच हे घर नको आहे.

जालन्याला हार्मोनचे एक डॉक्टर आहेत, तिकडे जा, असं भोकरदनच्या बाईंनीच सुचवलं. आम्ही तिघं गेलो. आत्याबाई आत आल्या नाहीत, बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “गोळी कशी घेता? मला करून दाखवा.”

मला हसू आलं. पण मी उजवा तळहात पुढे केला, तीन गोळ्या तोंडात टाकल्यासारखं केलं आणि डावा हात ओठांशी नेला.

“तीन? आणि ग्लासात काय आहे?”

“दूध,” गणेश म्हणाले. “घरच्या म्हशीचं.” त्यांच्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकेका रिपोर्टवर बोट ठेवून विचारत गेले, हा कुठे असताना, हा कुठे असताना. आष्टीला कशानं घेत होतात? माठाचं पाणी. लोह, कॅल्शियम? नव्हतं. मग त्यांनी सावकाश सांगितलं की ही गोळी फार नाजूक असते. दूध, कॅल्शियम, लोह तिला पोटात धरून ठेवतात, अंगात नीट जाऊ देत नाहीत. पिंपळगावला गोळी अंगी लागतच नव्हती म्हणून आकडा चढायचा आणि ताकद वाढवली जायची. ती वाढवलेली गोळी आष्टीला पूर्ण लागली म्हणून आकडा कोसळला. तिथे निम्मी झाली, आणि ती निम्मी परत दुधात पडली.

सासर नाही, माहेर नाही. ताण नाही, कुणाची नजर नाही. मी टेबलावरच्या कागदांकडे बघत होते आणि मला एकच विचारायचं होतं.

“बाळ यानंच गेलं का?”

त्यांनी चष्मा काढला. “सांगता येत नाही. असा आकडा असूनही बाळं राहतात, आणि सगळं चांगलं असूनही जातात. मी हो म्हटलं तरी खोटं होईल, नाही म्हटलं तरी खोटं होईल.”

इतकी वर्षं मी खरं-खोटं लिहा हा प्रश्न मुलांना घालते. या उत्तरावर काय खूण करायची ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. “काय म्हनला डॉक्टर?”

गणेशनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “गोळी बदललीय.”

पाणी

पण दुसऱ्या सकाळी त्या न्हाणीच्या दाराशी उभ्याच होत्या. तळहातावर गोळी, हातात ग्लास, वर साय. आता टाळता येणार नव्हतं.

“आत्याबाई, दूध मी संध्याकाळी घेत जाईन.”

“कामून?”

मी सांगितलं. जमेल तेवढं हळू, जमेल तेवढं सोपं करून. दूध वाईट नाही, फक्त या गोळीला चालत नाही, काही तास तरी अंतर पाहिजे. त्या ऐकत होत्या. म्हातारी बाई शाळेत गेलेली नाही, पण तिला कागदांची ती रांग माझ्याआधी जुळवता आली.

“मंग त्या लेकराला...”

“न्हाई. डॉक्टर म्हणाले, सांगता येत न्हाई.”

“सांगता येत न्हाई म्हंजी व्हय बी असंल.”

त्यांनी ग्लास नेऊन ओट्यावर ठेवला. तो दुपारपर्यंत तिथंच होता. त्या दिवसापासून डेअरीचं कॅन आधी भरलं जायला लागलं आणि माझ्या गोळ्यांच्या डब्याला त्यांनी हात लावणं सोडलं. बोलणंही कामापुरतंच. मी संध्याकाळी आपण होऊन दूध मागायचे, तर म्हणायच्या, “भांड्यात हाये, घे तुझ्या हातानं.”

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी बी दुधावरच दिली असती गं.” आणि थोड्या वेळानं, “लई बोलले मी तिला. भरल्या वॉर्डात.” माफी मागायची तिला सवय नाही. पण दिवाळीनंतर तिनं एकदा आत्याबाईंना स्वतःहून फोन लावला. दोघी कापसावर बोलल्या, वेचणीला बाया मिळत नाहीत यावर बोलल्या. फोन ठेवून आत्याबाई डोळे पुसत गोठ्यात गेल्या.

माझ्यासारखीला सांगायचं ते एवढंच. दवाखान्यात गोळी कुठली ते दाखवता तसं ती कशी घेता तेही सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. आणि दोन गावांत, दोन डॉक्टरांकडे रिपोर्ट असतील तर सगळे एकत्र न्या. आम्ही नेले तेव्हा उशीर झाला होता, किंवा झाला नव्हता. सांगता येत नाही.

आकडा आता जागेवर आहे. लागोपाठचे रिपोर्ट सारखेच आले. लोह आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. आम्ही वाट बघतो आहोत. प्रत्येक महिन्यात चार दिवस मी घरात कुणाशी बोलत नाही आणि ते दोघं समजून घेतात.

शेवटचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी तोंड धुऊन न्हाणीतून बाहेर आले, तर आत्याबाई दाराशी उभ्या. कित्येक महिन्यांनी. तळहातावर एकच गोळी. दुसऱ्या हातात स्टीलचा रोजचा ग्लास नव्हता. पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा ग्लास त्यांनी फडताळातून काढला होता. त्या मला तो देईनात. दारातून ऊन येत होतं, त्यात त्यांनी ग्लास वर धरला.

“पानीच हाये, माय,” त्या म्हणाल्या. “बघून घे.”

अजूनही रोज सकाळी त्या ग्लास तसाच उजेडात धरतात. मी बघत नाही. त्यांच्या हातून घेते आणि पिऊन टाकते.